मामाच्या गावाची मामी

एप्रिल अर्धा सरला की मराठी सदरलेखकाला एक ठरावीक ताप चढतो. आधी आमराई दिसायला लागते, मग विहीर, मग लाल एसटी, मग अंगणातल्या गोधड्या आणि वर चांदणं. तिसऱ्या दिवशी 'आजकालच्या मुलांना' हे शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडतात. उपाय एकच. आठशे शब्दांचा 'मामाचं गाव' हा लेख पाडायचा. लेख बाहेर पडला की ताप उतरतो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत माणूस ठणठणीत राहतो.

यंदा मलाही चढला. लेख एका बैठकीत उतरला. बायकोला वाचायला दिला तेव्हा तिच्या एका कानात ऑफिसची मीटिंग होती आणि दुसऱ्या कानात कुकरच्या शिट्ट्या. तशातच तिनं वाचला.

"छान आहे. विहीर मस्त आलीय. पण यात मामी कुठंय?"

मी पाहिलं. विहीर पाच वेळा होती. बैल नावानिशी होता, कुत्राही नावानिशी. मामी नव्हती.

"आहे की! हे काय, 'दुपारी ताटं वाढलेली असायची'."

"कुणी वाढलेली?"

शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकवले. मामाच्या गावचे लेख ज्या चौथ्या प्रयोगात लिहितात, त्याला व्याकरणात नाव नाही. अंथरुणं घातलेली असायची. पन्हं तयार असायचं. धुतलेले कपडे दोरीवर दिसायचे. क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता स्वयंपाकघरात आहे.

लेख फाडून टाकावासा वाटला. पण संगणकावरचा लेख फाडता येत नाही, म्हणून नुसताच बाजूला ठेवला.

*

दोष माझ्या एकट्याचा नाही, असं मी स्वतःला समजावलं. गदिमांचं आगगाडीचं गाणं अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यात मामा तालेवार आहे, भाच्यांसाठी रेशीम घेतो. आणि मामी? तिला मामीसुद्धा म्हटलेलं नाही. मामाची बायको, एवढीच तिची ओळख. रंग आणि स्वयंपाक, एवढीच तिची गुणपत्रिका. ही पोरं कुठली, असा प्रश्न मात्र तिलाच पडतो. लहानपणी त्या प्रश्नाचं हसू यायचं. आता तो मला अख्ख्या गाण्यातला सगळ्यात रास्त प्रश्न वाटतो.

*

पण मे महिना असा एकदम येत नाही. आधी एप्रिल सोसावा लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायची नाही. कारण लेकरांची झोप पुरी होत नाही. मार्च २०२५ संपता संपता सांगितलं की ऊन फार झालंय, तर प्राथमिक शाळा सातला भरवा आणि सव्वाअकराला सोडा. दोन्ही निर्णय मुलांच्या काळजीपोटीच झाले. म्हणजे जेव्हा रात्री दहालाच डोळा लागतो तेव्हा सकाळी उशिरा उठायचं, आणि जेव्हा उकाड्यानं बारापर्यंत झोप येत नाही तेव्हा सहाला उठायचं. पोरांच्या झोपेचा विचार निदान एका कागदात तरी झाला. त्यांना उठवून, दात घासून घेऊन, डबा भरून रिक्षात कोंबणाऱ्या व्यक्तीच्या झोपेबद्दल कुठल्याच कागदात अवाक्षर नाही. तीही व्यक्ती चौथ्या प्रयोगातलीच.

पूर्वी परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकायची. २०२५ मध्ये ती २५ एप्रिलपर्यंत लांबली आणि निकाल गेला १ मेवर. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. मुलांची शाळा नेमकी कामगार दिनाला सुटली, हा योगायोग ज्याला कळला तो एकतर कम्युनिस्ट असणार किंवा आई.

*

धाकटा चार वर्षांचा. तो यंदा शिशुवर्ग उत्तीर्ण झाला. त्यानिमित्त शाळेनं पदवीदान समारंभ ठेवला. काळा झगा, चौकोनी टोपी, लोंबता गोंडा. वेळ दुपारी चारची, महिना एप्रिल, वर पत्र्याचा मांडव. पदवी मिळाली आणि तिच्यासोबत घामोळंही मिळालं. झग्याचं भाडं आम्ही भरलं.

बाईंनी माइक पुढं केला. "सांग बाळा, मोठेपणी तू कोण होणार?"

"शू," पदवीधर म्हणाला.

मांडवात हशा पिकला. पण ते उत्तर नव्हतं, तातडीची सूचना होती. झगा, त्याखालची सदरा-विजार आणि त्याखालचा पदवीधर, या सगळ्याला उचलून मागं कोण धावलं? मी व्हिडिओ काढत होतो. व्हिडिओ छान आलाय. त्यात एक साडी उजवीकडून डावीकडं जाताना दिसते.

*

आणि मग बहिणीचा फोन आला. ती मूळची पुण्याची, पण नागपूरला देऊन बारा वर्षं झाली. आता तिची क्रियापदं तिकडची झाली आहेत.

"दादा, पोरं तुझ्याकडं यायचं म्हणून राहिली. इकडं पंचेचाळीस झालंय."

"अगं, विचारतेस काय? मामाचंच गाव आहे त्यांचं. पाठव!"

हो म्हणायला मला दोन सेकंद लागले. ते निभवायला किती दिवस लागतात, हे घरातली दुसरी व्यक्ती बोटांवर मोजत होती.

"तिकीट कधी काढलं तिनं?" बायकोनं विचारलं.

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. पण मे महिन्याचं नागपूर-पुणे तिकीट हातात हवं असेल, तर खिडकी उघडल्या दिवशीच ते काढावं लागतं. म्हणजे मार्चात. फोन आला एप्रिलच्या शेवटी. म्हणजे परवानगी मागितली त्याच्या दोन महिने आधी आगमन पक्कं झालेलं होतं. रेल्वेनं मुदत निम्मी केली तरी मामाच्या गावचा हक्क जुन्याच मुदतीनं चालतो.

"विचारलं तरी तिनं," मी म्हणालो.

"तुला विचारलं," ती म्हणाली.

*

२ मेला गाडी आली. भाची दहा वर्षांची, भाचा सहाचा. आमची मोठी आठ वर्षांची, धाकटा पदवीधर. बेरीज चार. दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यातल्या एकीत बायकोचं ऑफिस.

बहीण तीन दिवस राहिली. ती माहेरवाशीण. माहेरवाशिणीला काम सांगायचं नसतं, हे आमच्या घरात वळण आहे. शिवाय बिचारीला नागपुरात उसंत नसते. जूनमध्ये तिच्या नणंदेची मुलं यायची आहेत. म्हणजे ती तिकडं मामी आहे. प्रत्येक मामी कुठंतरी माहेरवाशीण असते आणि प्रत्येक माहेरवाशीण कुठंतरी मामी. फक्त तारखा जुळत नाहीत.

गाडी आली त्या दिवशी पुण्यात चाळीस अंश होतं. सोसायटीतली माणसं तोंडाला फडकं गुंडाळून दूध आणायला निघाली होती. भाची गॅलरीत उभी राहिली, तिनं आभाळाकडं पाहिलं.

"मामा, ऊन कुठंय?"

"हे काय, केवढं रखरखतंय!"

"याला ऊन म्हणते का? आमच्याकडे याला संध्याकाळ म्हणते."

भाच्यानं कूलरची तपासणी केली. मागं जाऊन जाळीत बोट घातलं आणि वाळ्याच्या ताट्या नाहीत म्हणून नापास शेरा दिला. त्याला मी शास्त्र समजावलं. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातं, म्हणून कूलर गार करतो, माठही त्यामुळंच गार राहतो. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. नागपूरची हवा कोरडी, म्हणून तिथला कूलर खोलीत महाबळेश्वर आणतो. पुण्यात मे अर्धा सरला की आभाळ भरतं, हवेत ओल येते आणि तोच कूलर घराचं महाबळेश्वर करायचं सोडून धोबीघाट करतो.

"पण याच्यात पाणी कोण टाकते?" भाच्यानं विचारलं.

मी शास्त्रातच होतो. तेवढ्यात त्याच्या मामीनं बादली आणली. सकाळी एक, दुपारी दोन, रात्री झोपताना एक. चाळीस वर्षांचा झाल्यावर भाचा लेख लिहील. त्यात लिहील, 'मामाकडं कूलर असायचा. त्यात पाणी भरलेलं असायचं.'

*

पहिला आंतरप्रांतीय वाद फळावरून झाला. आमची मोठी म्हणाली कलिंगड, भाचा म्हणाला टरबूज. पाऊण तास दोन्ही बाजू ठाम होत्या. शेवटी फळ मध्ये ठेवून मी निवाडा दिला की नावं दोन, पण फळ एकच, खा. चौघांनी खाल्लं. बिया कुणी किती लांब उडवल्या याची स्पर्धा झाली, पंच मी होतो. स्पर्धा संपल्यावर बिया गोळा करण्याचं कलम नियमावलीत नव्हतं. रात्री मला त्या कुठंच दिसल्या नाहीत. आपोआप गेल्या असाव्यात.

*

दाराच्या फटीतून शिबिरांचे कागद रोज सरकतात. दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास. दहा दिवसांत सुंदर हस्ताक्षर. दहा दिवसांत वैदिक गणित, रोबो आणि भगवद्गीता, दोन विषय घेतल्यास टी-शर्ट मोफत. वयोगट चार ते चौदा. चार वर्षांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणजे त्यानं आपलं नाक आपण पुसणं, आणि ते दहा दिवसांत होत नाही हे मी लिहून देतो.

शिबिराचा खरा अभ्यासक्रम एकच असतो, की घराला दोन तास मिळावेत. कागदावर तेवढंच छापलं तर लोक दुप्पट पैसे देतील. पण आपल्याकडं आईला दोन तास हवेत असं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मुलाला रोबो शिकवावा लागतो.

मी शिबिर घरीच घ्यायचं ठरवलं. फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सहा वाजता टेकडी. दुपारी गोष्ट. पाचला क्रिकेट. रात्री गच्चीवर तारे. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर पेन्सिलनं भर पडलेली दिसली.

'टेकडीआधी: आठ मोजे शोधणे. जोडीचे. टेकडीनंतर: चार अंघोळी, एक पळापळ. गोष्टीआधी: जेवण. गोष्टीनंतर: "भूक लागली". क्रिकेटनंतर: शेजारच्या काकूंना सॉरी. ताऱ्यांआधी: जेवण. ताऱ्यांनंतर: झोपलेला पदवीधर तीन मजले खाली आणणे.'

माझ्या वेळापत्रकात चार कामं होती. बायकोच्या यादीतली मोजायची सोडून दिली.

१३ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आसपास उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. नागपूर आणखी उत्तरेला, म्हणून तिथं तो दिवस २६ मेच्या सुमारास उजाडतो. हे मुलांना दाखवायलाच हवं, म्हणून सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली आणली. मुलांनी बाटली उभी केली. सावली आक्रसत गेली आणि गेलीच! चौघं टाळ्या पिटत नाचली. नाचली ती आनंदानं, अशी माझी समजूत होती. मग पाहिलं तर चौघं अनवाणी होती. जिन्यातून चार चपलांचे जोड घेऊन कोण वर आलं, ते आता मी सांगत बसत नाही.

*

केंद्र सरकार लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडतं, त्याला वेळ-वापर सर्वेक्षण म्हणतात. २०१९ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा मोजलं. बायकांचा २८९, पुरुषांचा ८८.

बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही नऊ वाचवली. समानता आली म्हणतात ती हीच. आणि ही ८८ मिनिटं सगळ्या पुरुषांची नाहीत बरं का. त्या दिवशी ज्यांनी घरकामाला हात लावला, त्यांचीच ही सरासरी. ज्यांनी लावलाच नाही ते या हिशेबात धरलेले नाहीत. ते गच्चीवर तारे दाखवत होते.

*

आंब्याचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच आंब्यानं ते नाव लावायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या विक्रेत्याला हे पाठ आहे. "देवगड आहे साहेब, कालच उतरलाय." पेटी उघडली तर आत गुंडाळलेली रद्दी कन्नड वर्तमानपत्राची. देवगडात कन्नड वाचणारे वाढलेले दिसतात.

तर दोन डझन आंबे, सहा माणसं. माणशी चार, तिसरीतलं गणित. प्रत्यक्षात मुलांना फोडी, मला रस आणि तिला कोय.

"अगं, तू घे की फोडी."

"मला कोयच आवडते."

हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलंय, आत्याच्या, मामीच्या तोंडून ऐकलंय. एकाही पुरुषाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. लग्नाआधी ही सगळी मंडळी फोडीच खात असणार. मग कोय आवडण्याचा गुण मंगळसूत्रातून येतो की कुकरच्या वाफेतून?

*

रविवारी मी जाहीर केलं, "चला, तुम्हाला खरं मामाचं गाव दाखवतो." म्हणजे माझ्या मामाचं. वाई तालुक्यात. मामा जाऊन सहा वर्षं झाली, मामी तिथंच असते.

स्वारगेटला एसटीत बसलो. कंडक्टरनं आमच्याकडं पाहून मनातल्या मनात हिशेब केला. बायकोचं अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं, म्हणजे मोठी, भाची आणि भाचा. पदवीधर पाचाच्या आतला, तो फुकट. माणसं सहा, भाडं तीन तिकिटांचं. पूर्ण तिकीट फक्त माझं.

"मामा, तूच एकटा पूर्ण आहेस," भाची म्हणाली.

"महामंडळाच्या मते," बायको म्हणाली.

*

घर तसंच होतं. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. मामीची पंच्याहत्तरी उलटलीय. चौघं पोरं अंगणभर पसरली आणि मी ओट्यावर बसून तो प्रश्न विचारला, जो माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य होता.

"मामी, आम्ही पंधराजण यायचो मे महिन्यात. काय मजा यायची ना?"

मामी तांदूळ निवडत होती. तिनं खडा काढला, टाकला आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"कुणाला?"

मी गप्प.

"पंधरा पोरं आणि तुमच्या चार आया. त्या माहेरवाशिणी. त्यांना काय काम सांगणार? विहिरीत तुम्ही उड्या मारायचात आणि इकडं माझा जीव खालीवर. एकेकाचं डोकं मोजायची मी खिडकीतून. चौदा भरली की पोटात गोळा."

विहीर माझ्या लेखात पाच वेळा होती. तिच्याकडं बघणारी एक खिडकी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

"आणि कुरडया," ती म्हणाली. "तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. चीक शिजला की तुम्ही वाट्या घेऊन रांगेत. निम्मा तिथंच फस्त. मग वर्षभर कुरडया कमी पडल्या म्हणून सासूबाई मला बोलायच्या."

"आम्हाला कधी कळलंच नाही."

"कळावं कशाला? पोरं होतात तुम्ही. तुमचा मामा तरी काय करायचा? तुम्हाला घेऊन हिंडायचा. त्याचंच नाव लागलं गावाला."

बायको हसली नाही. तिनं विचारलं, "मामी, मग तुम्ही माहेरी कधी जायचात?"

"ही सगळी गेली की. शाळा उघडायच्या आधी चार दिवस. तोवर पाऊस लागलेला. आमच्याकडं मोठी आमराई होती, पण मी जायची तेव्हा झाडावर एक आंबा नसायचा. माझ्या पोरांना त्यांच्या मामाचं गाव ठाऊक आहे ते चिखलाचं."

माझे मामेभाऊ माझ्याबरोबर त्याच विहिरीत पोहले, तोच चीक खाल्ला. त्यांनाही एक मामाचं गाव असेल आणि आमच्यामुळं त्यांना ते आंब्याच्या दिवसांत कधी बघायला मिळालं नसेल, हा विचार मला चाळीस वर्षांत शिवला नव्हता. ज्या घराला लोक मामाचं गाव म्हणतात, त्या घरातल्या मुलांना मे महिन्यात मामाचं गाव नसतं. एवढं साधं गणित होतं.

"आता एसटी फुकट झाली मला," मामी म्हणाली. "पंच्याहत्तरीपुढं तिकीट नाही. कार्ड दाखवायचं आणि बसायचं. पण जाऊन भेटायला तिकडं कुणी उरलं नाही."

निघताना तिनं आतून एक आंबा आणला. परसातला, रायवळ. तो बायकोच्या हातात ठेवला.

"हा तू खा. कापू नको. वाटू नको. सबंध खा."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं तो चोखून खाल्ला. चारही पोरं टक लावून बघत होती. पदवीधरानं हातही पुढं केला. तिनं दिला नाही. कोय खिडकीबाहेर टाकली, हात पुसले आणि म्हणाली, "मी सोमवारी कोल्हापूरला चाललेय. आईकडं. पाच दिवस."

"आणि मुलं?"

"मामाच्या गावाला आलीत ना ती? मामा आहे."

"अगं, पण तुझं ऑफिस?"

"रजा टाकलीय. मार्चात."

*

तर वाचकहो, सुट्टीत मामाकडं निघाला असाल तर एक करा. रेल्वेची खिडकी उघडण्याच्या आधी एक फोन करा आणि तो मामीला करा. मामा हो म्हणणारच आहे. त्याला दोनच सेकंद लागतात.

बायको सकाळीच गेली. स्वारगेटहून, अर्ध्या तिकिटात. घरात चार मुलं आहेत, दीड डझन आंबे आहेत, आठ मोजे आहेत, त्यातले दोन एका जोडीचे. आणि एक पूर्ण तिकिटाचा माणूस आहे. दुपारी ताटं वाढली ती मी. भात करपला तोही मीच. पुढच्या आठवड्यात हे सदर दिसलं नाही, तर संपादकांना दोष देऊ नका.

आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत. कूलरमध्ये पाणी मी भरतो आहे. कर्तरी प्रयोग.